जो समोर नाही त्याच्याविषयी

(नवागाम, सुरत येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



स्मृतिव्याख्यान देणाऱ्याची एका बाबतीत चंगळ असते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते उठून 'असं नव्हतं हो' म्हणणार नसतात, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा दंडक तर आपल्या हाडीमाशी खिळलेला. हयात असताना ज्यांच्या प्रत्येक हिशेबात आपण खोट काढली, त्यांच्या शोकसभेत 'असा माणूस पुन्हा होणे नाही' म्हणून मोकळे होतो. मला त्यात फारसं गैर वाटत नाही. नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गेलेल्याबद्दल इतकं जपून बोलणारे आपण, या रविवारी उपासनेला न आलेल्या माणसाबद्दल काय काय बोलतो! गैरहजर दोघंही आहेत. एक कबरेत आहे आणि दुसरा उधना स्टेशनवर पाहुण्यांना सोडायला गेला आहे, इतकाच फरक.

संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'ख्रिस्ती जीवनात शब्दाचं सामर्थ्य आणि जिभेवर ताबा'. या विषयावरचा उपदेश आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो. शिवी देऊ नका, खोटं बोलू नका, रागाच्या भरात तोंड उघडू नका. सगळं खरं आहे, पण तेवढ्यासाठी वर्गणी काढून मांडव घालायची गरज नव्हती. म्हणून मी विषय अरुंद करून घेतो. समोरच्या माणसाशी बोलताना आपली जीभ बऱ्यापैकी ताब्यात असते. त्याची भीड असते, भीती असते, बहुतेक वेळा त्याच्याकडे काहीतरी कामही असतं. जो तिथे नाही त्याच्याबद्दल बोलताना जिभेची खरी परीक्षा होते. आज एवढंच.

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय इथल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या तारवाचं छोटं सुकाणू, ठिणगीने पेटणारं रान. या दाखल्यांवर इतकी प्रवचनं झाली की त्यांच्या आधीचं वाक्य कुणाच्या लक्षातच राहत नाही. अध्यायाची सुरुवात याकोब शिक्षकांपासून करतो. फार जणांनी शिक्षक व्हायच्या भानगडीत पडू नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार आहे, असा त्याचा इशारा आहे. वणव्याची गोष्ट त्यानंतर येते. तेव्हा ज्याच्या हातात माइक आहे त्याने हा अध्याय आधी स्वतःला वाचून दाखवावा. आज माइक माझ्या हातात आहे, हे मी विसरलेलो नाही.

गैरहजर माणसाचा मुद्दा काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जेरियात, हिप्पो नावाच्या शहरी ऑगस्टिन बिशप होते. त्यांच्या सहवासात राहिलेल्या पोसिडियसने त्यांचं चरित्र लिहिलं आहे, आणि त्यात जेवणाच्या मेजाची एक हकिकत आहे. ऑगस्टिनने त्या मेजावर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. मतलब असा की, गैरहजर माणसाचे लचके तोडण्याची ज्याला हौस आहे त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असं समजावं. एकदा त्यांचे अगदी जवळचे काही बिशपच जेवता जेवता सुरू झाले. तेव्हा ऑगस्टिन म्हणाले, एक तर या ओळी पुसून टाका, नाहीतर मी जेवण अर्ध्यावर टाकून माझ्या खोलीत जातो. पोसिडियस स्वतः त्या पंगतीला होता. ओळी लिहून ठेवणं सोपं आहे. आपल्या प्रत्येक घरात वचनाचं कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्याच्या बरोबर खाली बसूनच आपण शेजारणीचा पंचनामा करतो. पाहुण्यांचा मान राखायचा की न आलेल्याचा, असा प्रसंग येतो तेव्हा ताटावरून उठायची तयारी लागते.

आता आपल्या मराठी माणसांकडे येतो. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. टिळक तेव्हा कडवे देशाभिमानी, वादाला सदा तयार. गोऱ्याने वाद घातला नाही. जागा करून दिली, काव्यावर गप्पा मारल्या, मग ख्रिस्ताबद्दल तुमचं मत काय असं विचारलं, आणि उतरण्याआधी नव्या कराराची एक प्रत हातात देऊन सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी ते हसण्यावारी नेलं. पण वाचेन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट आपण फार सांगतो, आणि ते भाकीत खरं ठरलं म्हणून सांगतो. मला त्यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. भुसावळ पॅसेंजरमध्ये आपल्यापैकी कुणाला असा सहप्रवासी भेटला तर आपण काय बोलू? स्टेशनं जातील तसतसे त्याच्या देवांचे, त्याच्या बुवांचे, त्याच्या सणांचे दोष काढू. त्या गोऱ्याने हे केल्याची नोंद नाही. शिवाय टिळक ज्या अध्यायांपाशी अडकले ते काय सांगतात? भावाला तुच्छतेने हाक मारणाऱ्याला तिथे खुन्याच्या रांगेत बसवलं आहे. शपथा घेऊ नका, होय तर होय आणि नाही तर नाही, असं सांगितलं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिथेच आहे. म्हणजे टिळकांना ख्रिस्ताकडे ओढून नेणाऱ्या पानांमध्ये जिभेचीच शिस्त पुष्कळ भरलेली होती.

आणि तरी टिळक तापटच राहिले! हे आपल्याला कुणी सांगितलं? त्यांच्या बायकोने. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. टिळक वारले 1919 साली. म्हणजे पुस्तकाचा मोठा भाग गैरहजर माणसाबद्दल आहे, आणि तो साधासुधा माणूस नव्हता. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचा संपादक, ज्याची पदं प्रत्येक मराठी मंडळीत गायली जातात असा कवी. बाईंपुढे दोनच सोपे रस्ते होते. एक देव्हाऱ्याचा, म्हणजे संत टिळक उभे करायचे आणि आपण फुलं वाहायची. दुसरा गाऱ्हाण्याचा. आणि गाऱ्हाणी काय कमी होती? नवरा न सांगता घर सोडून जायचा. हातातला पैसा वाटून टाकायचा. भडकला की कुणाचं ऐकायचा नाही. पुढे एक दिवस धर्म बदलला, तेव्हा बाई लहान मुलाला घेऊन आप्तांच्या आधाराने राहिल्या. नवराबायकोची ताटातूट झाली, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. एवढं सोसलेल्या बाईने नवऱ्याच्या मागे लेखणी हातात घेतली तर काय लिहील?

लक्ष्मीबाईंनी एकही दोष लपवला नाही, आणि एकाही दोषाने टिळक लहान झाले नाहीत. त्या हसतात, पण टिळकांना नाही, प्रसंगाला हसतात, आणि त्यात स्वतःला पहिलं घेतात. सोवळ्याओवळ्याच्या पायी घरच्यांना जीव नकोसा करणाऱ्या त्यांच्या वडिलांबद्दलही तोच सूर आहे. त्यांचं वेड त्या सांगतात, आणि 1857 च्या धामधुमीत त्यांच्या घरावर जो घाला आला त्यातून हे वेड आलं, हेही सांगतात. दोष सांगितला तर त्याची पूर्वपीठिका सांगायची, असा जणू नियमच केलेला. मराठी ख्रिस्ती माणसाला जिभेवरच्या ताब्याचं पाठ्यपुस्तक हवं असेल तर ते बाहेर शोधायला नको. त्यांना शाळेचं शिक्षण नव्हतं, हे आणखी एक. आपल्याकडे शिकलेली माणसं गोड बोलतात असा समज आहे. मला तरी अनुभव उलटा आहे.

लक्ष्मीबाईंच्या उलट टोकाला एक यादी आहे. 1890 साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमवली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात झळकली, आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. यादीत खोटं नाव नव्हतं, हा त्यातला काटा आहे. आपण म्हणतो, 'मी खोटं थोडंच सांगतोय?' पेला नुसता शिवलेला आणि पेला रिकामा केलेला, दोघं एकाच ओळीत छापले की खरी यादीसुद्धा माणसाला सोलून काढते.

अशी एक यादी त्याआधीही फुटली होती, आणि तिचा धागा या सुरतेपर्यंत येतो. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या इंग्रजी शाळेत शिकवायला होते. 1844 साली दुर्गाराम मेहतांबरोबर त्यांनी इथे मानवधर्मसभा काढली. मंत्राच्या जोरावर चमत्कार करतो म्हणणाऱ्यांना ही सभा जाहीर आव्हान द्यायची, करून दाखवा म्हणायची. शब्दाला सामर्थ्य आहे ना, मग दाखवा! पुढे मुंबईत 1849 च्या सुमारास परमहंस सभा निघाली तेव्हा मात्र कारभार गुपचूप. नवा सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन आत यायचा आणि बाहेर अवाक्षर काढायचा नाही. 1860 मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं बाहेर पडली आणि सभा मोडली. सुरतेत उघड्यावर प्रश्न विचारणारी मंडळी मुंबईत जाऊन स्वतःचीच नावं लपवू लागली, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी या लपवाछपवीतून वेगळी वाट काढली. 1889 साली त्यांनी मुंबईत मुलींसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. मुलींना धर्मांतराचा उपदेश करणार नाही, असा त्यांचा शब्द होता. पण त्या स्वतः प्रार्थना करताना खोलीचं दार लावत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये गहजब झाला, 'केसरी'ने आसूड ओढले, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. सल्लागारांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. लोकांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या आणि उघडं दार हाही एक प्रकारे उपदेशच, असं त्यांना वाटलं, तर ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण जिभेवर ताबा म्हणजे तोंड शिवून बसणं, असं आपल्या ज्या सुनांना आणि तरुण पोरांना सांगितलं जातं, त्यांच्यासाठी मी रमाबाईंचं दार पुढे करतो. त्यांनी कुणाच्या कानात काही कुजबुजलं नाही आणि स्वतःचं काही लपवलंही नाही. जे होतं ते दार उघडं ठेवून.

आता गावाबाहेर जायला नको. सप्टेंबर 1994 इथल्या जुन्या माणसांनी पाहिला आहे. प्लेग आला. त्याने गेलेली माणसं पन्नासच्या आसपास होती आणि शहर सोडून पळालेली लाखांत. पाण्यात विष कालवलं आहे अशी आवई उठली होती. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसं लोंबकळत गेली, आणि गावी पोचल्यावर 'सुरतवाले आले' म्हणून लोक लांब सरकले. आजार खरा होता, भीती खरी होती, घाईघाईने पळणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण हा आजार आणला कुणी, याची उत्तरं ओट्याओट्यावर तयार होती, आणि प्रत्येक उत्तरातला गुन्हेगार त्या ओट्यावर बसलेला नव्हता. तेव्हा हातात मोबाइल नव्हते. आज ते काम अंगठ्याने होतं, आणि पाठवणारा खाली लिहितो, 'फॉरवर्डेड ॲज रिसिव्ह्ड'. म्हणजे आला तसा सोडला, माझा काही संबंध नाही. प्रत्येक निष्काळजी शब्दाचा हिशेब द्यावा लागेल असं प्रभू म्हणाला, तेव्हा त्याने पुढे ढकललेल्या शब्दांना सूट दिल्याचं मला तरी कुठे आढळलं नाही.

नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांत घरं एकमेकांना चिकटून आहेत. पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर; त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, ती घरीही सुटत नाही. बायका दारात साड्यांचे गठ्ठे घेऊन धागा कटिंग करतात, स्टोन चिकटवतात. हात कामात, तोंड मोकळं. मी त्या गप्पांना नाक मुरडणार नाही. त्याच गप्पांमधून कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे कळतं आणि संध्याकाळी डबा पोचतो. मला अडचण वाटते ती प्रार्थनेचा पदर पांघरून आलेल्या गप्पांची. 'ताई, कुणाला सांगू नका, फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं. त्यांच्या मोठ्या मुलाचं...' आणि मग मुलाचं सगळं. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत तेच डोळे मिटून, गहिवरून, नावागावासकट देवाला सांगितलं जातं. देवाला पत्ता माहीत होता. पत्ता हवा होता तो बाजूच्या बहिणीला.

दुसरी गोष्ट साक्षीची. ही बोलताना थोडं जपावं लागेल, पण बोलतो. पहिल्या रविवारी ताप असतो. महिन्याने तीच साक्ष दुसऱ्या मंडळीत ऐकावी तर टायफॉइड झालेला असतो. वार्षिक सभेत तर डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. इथे गैरहजर कोण? डॉक्टर. बिचाऱ्याने औषध दिलं, सलाईन लावलं, बिलात सवलत दिली, आणि आपल्या साक्षीत तो 'आशा सोडलेला' म्हणून कायमचा अडकला. डॉक्टरांपेक्षा वाईट हाल आपल्या हिंदू नातेवाइकांचे होतात. मी प्रभूकडे आलो तेव्हा सासरा असा होता, भाऊबंद तसे होते. मोठ्या स्पीकरवर. त्या भावाने आपल्या आजारपणात गावाकडून ज्वारीचं पोतं पाठवलं होतं, हे साक्षीत बसत नाही म्हणून गळतं. लक्ष्मीबाई पुन्हा वाचा. ज्या आप्तांमधून त्या बाहेर आल्या त्यांची माया त्यांनी कुठे चोरली आहे का? गुजरातेत 2003 चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला, आणि तेव्हापासून आपले प्रचारक मंचावर शब्द तोलून वापरतात. सरकारच्या धाकाने शब्द तोलता येतो, मग भावाच्या मायेखातर का येत नाही, एवढंच मी विचारतो.

भावाने अपराध केला तर काय करायचं, याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात घालून दिला आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जा. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांग. आपण हा क्रम बरोबर उलटा चालवतो. आधी मंडळीला कळतं, मग एकदोघं वाद घालतात, आणि ज्याचा विषय आहे त्याला शेवटी कुणीतरी येऊन सांगतं की तुझ्याबद्दल असं असं चाललंय.

एका मंडळीतली हकिकत सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, आणि तुम्हीही तर्क लढवू नका. एक बाई गल्लीतली भिशी चालवायची. एका महिन्यात रक्कम वाटायची वेळ आली आणि बाई अचानक गावी गेली. दुसऱ्या बाईने नळावर म्हटलं, 'पैसे घेऊन गेली वाटतं.' शेवटचा 'वाटतं' हा शब्द पुढच्या दारापर्यंतही पोचला नाही. आठवड्याने बाई परत आली. आई अत्यवस्थ होती म्हणून गेली होती. जिचा नंबर होता तिच्या हातात तिने आल्या दिवशीच वहीसकट रक्कम ठेवली. नळावर बोललेली बाई मनाने वाईट नव्हती. ती रात्री भिशीवालीच्या घरी गेली, रडली, माफी मागितली. दोघींनी प्रार्थना केली. मंडळीला वाटलं, मिटलं.

पण मंडळीतले एक वडील जुन्या वळणाचे होते, लूममधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, मिटलं कसं? शब्द बारा दारी गेला आणि माफी एकाच दारी. जिथे जिथे शब्द गेला तिथे तिथे माफी गेली पाहिजे. आणि ते त्या बाईला घेऊन संध्याकाळी निघाले, दारोदार. सांगायचं इतकंच की मी जे बोलले ते चूक होतं, पैसे जागच्या जागी पोचले आहेत. काही घरांत लोक ओशाळले. एका ठिकाणी चहा झाला. एके ठिकाणी दार उघडलं नाही. गल्लीच्या टोकाच्या घरात मात्र बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'अगं बाई, असं झालं होतं का? आम्हाला तर काहीच माहीत नव्हतं.' मग तिने खुर्ची पुढे सरकवली. 'बसा ना. किती रुपयांची होती भिशी?'